भोपळा फुटला नाही म्हणून काय झाले?

टेनिसमध्ये शून्याला 'लव्ह' म्हणतात. शून्याला इतके गोड नाव देणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. पण नाव गोड असले म्हणून शून्याचा चटका काही कमी होत नाही. १२ जुलै २०२५ रोजी, शनिवारी, लंडनमध्ये विम्बल्डनच्या महिला एकेरीची अंतिम लढत झाली. पोलंडच्या इगा श्वीऑनटेकने अमेरिकेच्या अमांडा अनिसिमोवाला ६-०, ६-० असे हरविले. सगळा खेळ ५७ मिनिटांत आटोपला. आपल्याकडे रात्री साडेआठला सामना सुरू झाला आणि जेवणाची ताटे उचलून होईपर्यंत संपलासुद्धा.

ज्यांच्या घरी टेनिस पाहिले जात नाही त्यांच्यासाठी हिशेब थोडक्यात सांगतो. चार गुण मिळविले की एक गेम, फक्त त्यात दोन गुणांची आघाडी लागते. सहा गेम जिंकले की एक सेट, आणि बायकांच्या सामन्यात दोन सेट जिंकले की सामना खिशात. म्हणजे त्या दिवशी बारा गेम झाले आणि बाराच्या बारा इगाने घेतले. अमांडाला गुण मिळाले, अगदीच मिळाले नाहीत असे नाही. एकूण ७९ गुणांपैकी २४ तिचे होते. पण ते असे विखुरलेले पडले की त्यातून एकही गेम उभा राहिला नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जमा होत होती, शिल्लक मात्र शून्य!

सोमवारी कचेरीत गेलो. मला टेनिसचा नाद आहे हे सर्वांना ठाऊक. पहिल्याच चहाला एक सहकारी हसत म्हणाले, "काय भाऊ, तुमच्या त्या मुलीला भोपळासुद्धा फोडता आला नाही!" दुसरे म्हणाले, "त्यापेक्षा फायनलला गेलीच नसती तर बरे झाले असते. सगळ्या जगासमोर नाक कापले गेले." दोघेही माणसे चांगली आहेत, त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्यांचे ते दुसरे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फायनलला गेलीच नसती तर बरे! हेच वाक्य आपण आपल्या घरात वेगवेगळ्या तोंडांनी बोलत असतो. परीक्षेला बसलीच नसती तर बरे. अर्ज भरलाच नसता तर बरे. निदान लोकांना कळले तरी नसते. म्हणून या वेळी या सदरात त्या हरलेल्या मुलीविषयीच लिहायचे ठरविले.

ही अमांडा कोण? तिचे आईवडील रशियातून अमेरिकेत येऊन राहिलेले. वडील कोन्स्तान्तीन हेच तिचे प्रशिक्षक. २०१९ साली वयाच्या सतराव्या वर्षी ती पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली तेव्हा सगळीकडे तिचे नाव झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वडील हृदयविकाराने अचानक गेले. पोरीने बाप गमावला आणि गुरूही गमावला. त्यानंतरही ती खेळत राहिली, पण मन लागेना. मे २०२३ मध्ये तिने जाहीर केले की माझे मन थकले आहे, मला थांबायचे आहे. आणि ती खरोखरच थांबली. रॅकेट बाजूला ठेवली, रंग आणि कुंचला हातात घेतला, घरच्यांबरोबर राहिली. इतका मोठा खंड पडला की पुन्हा वर येता येत नाही असे सांगणारे तिला पुष्कळ भेटले, हे तिनेच पुढे पत्रकारांना सांगितले.

२०२४ च्या आरंभी ती परतली तेव्हा क्रमवारीत चारशेच्याही खाली घसरलेली होती. त्या वर्षी विम्बल्डनच्या मुख्य स्पर्धेत तिला थेट प्रवेश नव्हता. पात्रता फेरी खेळावी लागली आणि तीतही ती हरली. म्हणजे २०२४ साली जिला दारातून परत फिरावे लागले, तीच २०२५ साली त्याच घराच्या माजघरात जाऊन बसली. उपांत्य सामन्यात तिने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या आरिना सबालेन्काला तीन सेटमध्ये, ६-४, ४-६, ६-४ असे हरविले. तो सामना मी पाहिला आहे. उन्हाचा कडाका, समोर तोफेसारखे फटके मारणारी खेळाडू, आणि ही पोरगी एक पाऊल मागे सरकत नव्हती.

आणि दोनच दिवसांनी शनिवारी हे असे झाले. पहिल्या गेमपासून तिचा हात आखडला. जो फटका गुरुवारी रेषेवर पडत होता तो शनिवारी रेषेबाहेर किंवा जाळ्यात. सर्व्हिस करताना चेंडू वर उडवावा आणि तो नीट हातीच येऊ नये अशी अवस्था. तिच्या स्वतःच्या चुकांनी गेलेले गुण २८ भरले. अर्ध्या तासाच्या आत पहिला सेट गेला. प्रेक्षक तिच्या एकेका गुणाला टाळ्या वाजवू लागले, आणि खरे सांगतो, त्या टाळ्या ऐकवत नव्हत्या. हरणाऱ्याला शिव्या पडल्या तर तो दात ओठ खाऊन उभा राहतो. लोक कीव करू लागले की मात्र पायातले बळच जाते.

त्या रात्री आमच्या घरात एक वाद झाला. मुलगी म्हणाली, "पप्पा, त्या इगाने एक तरी गेम सोडायला हवा होता. तिचे काय बिघडले असते?" पुष्कळांना असेच वाटले असेल. मला तसे वाटत नाही. मुद्दाम सोडलेला गेम म्हणजे भीक. समोरच्याला 'तू आता काही करू शकत नाहीस' असे तोंडावर सांगणे. इगाने शेवटच्या गुणापर्यंत असा खेळ केला की समोरची मुलगी कोणत्याही क्षणी उसळेल. हा तिने अमांडाला दिलेला मानच होता. शिवाय इगाला तरी सोपे कुठे होते? ती पॅरिसच्या तांबड्या मातीवर चार वेळा जिंकलेली, पण हिरवळीवर तिचे काही चालत नाही असे तिला वर्षानुवर्षे ऐकवले गेले. विम्बल्डनमध्ये त्याआधी ती उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेली नव्हती. जून २०२४ पासून या विम्बल्डनपर्यंत तिने एकही स्पर्धा जिंकली नव्हती. आता विम्बल्डनची एकेरी जिंकणारी पोलंडची ती पहिली खेळाडू झाली. (जाता जाता गृहिणींसाठी: स्पर्धेच्या दिवसांत तिने आपला आवडता पदार्थ सांगितला, तो म्हणजे पास्त्यात स्ट्रॉबेरी! सारे लंडन हसले. आपण शिकरण-पोळी खाणारे. आपल्याला त्यात हसण्यासारखे काही वाटू नये.)

मला जे सांगायचे आहे ते सामना संपल्यानंतरचे आहे. क्रिकेटमध्ये हरलेला कप्तान पाचपंचवीस वाक्ये बोलून जातो, त्याच्या मागे दहा जण उभे असतात. कुस्तीत हरलेला पैलवान माती झटकून गर्दीत मिसळतो. टेनिसच्या फायनलमध्ये मात्र हरलेल्याला सुटका नाही. त्याने तिथेच खुर्चीत बसून राहायचे, समोर जिंकणाऱ्याचा आनंद पाहायचा, मग पुढे जाऊन उपविजेत्याची तबकडी घ्यायची आणि हजारो लोकांसमोर माईकवर बोलायचे. ५७ मिनिटे शून्यावर उभी राहिलेली ही २३ वर्षांची मुलगी क्षणभर आत जाऊन आली, आणि मग माईकपुढे उभी राहिली.

ती रडली. डोळे पुसत रडली, बोलता बोलता थांबली, पुन्हा बोलली. सर्वांत आधी तिने इगाचे कौतुक केले. मग प्रेक्षकांना म्हणाली की आज तुम्हाला चांगला खेळ दाखवू शकले नाही. मग आईकडे वळली. तिची आई त्याच दिवशी सकाळी विमानाने लंडनला पोहोचली होती. मी पाहायला गेले तर पोरीला अपशकुन होईल, असे त्या माउलीला वाटत असे, म्हणून ती येत नसे. मुलीने सर्वांसमोर सांगितले की आई आली म्हणून मी हरले असे मुळीच नाही. तिने माझ्यासाठी जेवढे केले तेवढे कोणीही केलेले नाही. वाचकहो, विचार करा. स्वतःची एवढी मानहानी झालेली असताना त्या पोरीला चिंता कशाची, तर आईने दोष स्वतःवर घेऊ नये याची! आपल्याकडे एखादे अपयश आले की पांढऱ्या पायाची कोण याचा शोध सुरू होतो. सून नवी आली, मांजर आडवे गेले, निघताना कोणीतरी शिंकले. तिने एका वाक्यात तो धागा तोडून टाकला. हरले ते मी हरले, माझ्या आईच्या येण्याचा त्याच्याशी संबंध नाही. विज्ञाननिष्ठा शिकवायला आपण शिबिरे घेतो. हा धडा त्या दिवशी हिरवळीवर फुकट मिळाला.

शून्यावर हरणे ही काय चीज आहे ते इतिहासात शोधले तेव्हा मजेशीर हिशेब हाती आला. विम्बल्डनच्या महिला अंतिम सामन्यात असा निकाल याआधी १९११ साली लागला होता. डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स यांनी डोरा बूथबी यांना ६-०, ६-० असे हरविले. त्यानंतर ११४ वर्षे असे घडले नव्हते. दुसरा प्रसंग पॅरिसचा, १९८८ चा. स्टेफी ग्राफने नताशा झ्वेरेवाला जेमतेम अर्ध्या तासात असेच शून्यावर गुंडाळले. म्हणजे मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या या तीन हरलेल्या बायका झाल्या. आता या तिघी कोण ते पाहा. डोरा बूथबी या १९०९ च्या विम्बल्डन विजेत्या होत्या. झ्वेरेवा त्या वेळी १७ वर्षांची होती आणि त्याच स्पर्धेत तिने मार्टिना नवरातिलोव्हाला हरवून दाखविले होते. पुढे तिने महिला दुहेरीत मोठ्या स्पर्धांची १८ विजेतेपदे मिळविली. शून्यावर हरलेल्यांच्या या यादीत कच्चा खेळाडू एकही नाही. ज्याला फायनलपर्यंत जाता येते त्यालाच फायनलमध्ये शून्यावर हरता येते. माझ्या सहकाऱ्यांना मी हेच सांगितले.

जुन्या वाचकांना याना नोव्होत्ना आठवत असेल. १९९३ साली मी शाळेत होतो आणि विम्बल्डन आम्ही शेजारच्या घरी दाटीवाटीने बसून पाहायचो. अंतिम सामन्यात नोव्होत्ना शेवटच्या सेटमध्ये ग्राफपुढे ४-१ ने आघाडीवर होती. पाचव्या गेमपासून एक गुण दूर. तिथे तिच्या हातून डबल फॉल्ट झाला, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी वाया गेल्या, आणि त्यानंतर सारेच निसटले. बक्षीस घेताना ती डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. ते चित्र जगभर छापले गेले. १९९७ साली ती पुन्हा अंतिम फेरीत आली आणि मार्टिना हिंगिसकडून हरली. १९९८ साली तिसऱ्यांदा आली आणि नाताली तोझियाला हरवून जिंकली. तेव्हा तिचे वय २९ होते. २०१७ साली, पन्नाशीही न गाठता, ती कर्करोगाने गेली. पण लोक आजही तिची आठवण काढतात ती जिंकल्याच्या दिवसाइतकीच त्या रडण्याच्या दिवसाची. रडणाऱ्या माणसाची कोणाला लाज वाटली नाही. लोकांनी तिला आपले म्हटले.

अमांडाचे पुढे काय झाले? ५३ दिवसांनी, ३ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या यूएस ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा तीच इगा समोर आली. त्याआधी अमांडाने विम्बल्डनच्या त्या सामन्याचे चित्रण बसून पुन्हा पाहिले. कुठे चुकले ते बघायला पाहिले. आपण आपल्या फजितीचा फोटोसुद्धा फाडून टाकतो, हिने पूर्ण फजिती डोळे उघडे ठेवून पाहिली! आणि ती लढत ६-४, ६-३ अशी जिंकली. मग उपांत्य फेरीत नाओमी ओसाकाला हरविले. अंतिम फेरीत सबालेन्काकडून पुन्हा हरली, ६-३, ७-६. पुन्हा उपविजेती, पुन्हा माईक. पण ऑक्टोबरमध्ये बीजिंगची मोठी स्पर्धा तिने जिंकली, आणि त्या अंतिम सामन्याचा पहिला सेट तिने घेतला तो ६-० असा! शून्य कोणाच्या कपाळावर कायमचे गोंदलेले नसते, ते फिरते.

पुरुषांच्या बाजूलाही त्या उन्हाळ्यात हेच पाहायला मिळाले. ८ जूनला पॅरिसच्या अंतिम सामन्यात इटलीचा यानिक सिन्नेर स्पेनच्या कार्लोस अल्कराझविरुद्ध जिंकायला एकच गुण दूर होता. असे तीन गुण त्याच्या हाती आले आणि तिन्ही गेले. ५ तास २९ मिनिटे खेळून तो हरला. पॅरिसचा तो सर्वांत लांबलेला अंतिम सामना. दुसरा कोणी असता तर वर्षभर झोपला नसता. सिन्नेर ३५ दिवसांनी, १३ जुलैला, विम्बल्डनच्या अंतिम फेरीत त्याच अल्कराझपुढे उभा राहिला, पहिला सेट हरला, आणि मग ४-६, ६-४, ६-४, ६-४ असा जिंकला. विम्बल्डनची एकेरी जिंकणारा पहिला इटालियन. या मुलाचे वडील डोंगरातल्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते आणि आई तिथेच वाढपीण होती, हे आपल्या घरातल्या पोरांना मुद्दाम सांगावे असे आहे.

आता एक शंका कोणीतरी काढणारच, आणि ती रास्त आहे. "अहो, ती हरली तरी पैसे किती घेऊन गेली?" बी.कॉम. झालेल्या माणसाने आकडा चुकवू नये. विजेतीला ३० लाख पौंड आणि उपविजेतीला १५ लाख २० हजार पौंड. म्हणजे शून्यावर हरूनसुद्धा साधारण १७ कोटी रुपये. आपला पोरगा बारावीत नापास झाला, पोलीस भरतीत धावताना मागे पडला, किंवा आपली पोरगी स्पर्धा परीक्षेत दोन गुणांनी राहिली, तर त्याला किंवा तिला काय मिळते? काहीही मिळत नाही. एक वर्ष जाते, क्लासची फी जाते, आणि शेजाऱ्यांच्या चौकश्या तेवढ्या येतात. अमांडाला थकल्यावर काही महिने थांबता आले, आपल्या घरातल्या पोराला आठ दिवस थांबणेही परवडत नाही. हा फरक मी नाकारत नाही. उलट याच फरकामुळे मला हे लिहावेसे वाटले. तिच्यामागे पैसा होता, प्रशिक्षक होते, डॉक्टर होते. आपल्या लेकरामागे आहे ते घर. तेवढे एकच आहे. आणि त्याच घराने निकालाच्या दिवशी तोंड फिरवले तर लेकराने जायचे कुठे?

पास झाला की पेढे वाटायचे आणि नापास झाला की दार लावून घ्यायचे, ही रीत आपण बदलली पाहिजे. निकाल वाईट लागला त्या संध्याकाळी पोराला एकटे सोडू नका. त्याला नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी, सर्वांबरोबर जेवायला बसवा. रडत असेल तर रडू द्या, मुलगा असला तरी. नातेवाइकांचे फोन दोन दिवस तुम्ही घ्या आणि निकाल काय तो तुम्हीच स्पष्ट सांगा, लपवू नका. लपविलेले अपयश पोराला आयुष्यभर चोरासारखे वागवते. अमुक तमुकाचा मुलगा कसा पुढे गेला ते त्या दिवशी काढू नका. आईने 'माझेच नशीब खोटे' म्हणून कपाळ बडवू नये. अमांडाने आईला ज्यातून सोडविले, त्यात आपल्या आयांनी आपणहून शिरू नये.

आणि आठवडा गेला, मन थाऱ्यावर आले, की मग तो सामना पुन्हा पाहायचा. बोर्डाकडे अर्ज केला तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. ती मागवा, मुलाच्या शेजारी बसून उघडा. कोणता प्रश्न सोडला, कुठे घाई झाली, कुठे आलेच नाही, ते पेन्सिलीने खूण करून पाहा. तुम्हाला विषय कळत नसेल तर वस्तीतला एखादा शिकलेला मुलगा बोलवा. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ७९ पैकी २४ गुण अमांडाचे होते हे जसे कोणी मोजले नाही, तसे आपल्या पोराने काय काय बरोबर लिहिले आहे तेही कोणी मोजत नाही. ते तुम्ही मोजा.

पुढच्या वेळी टीव्हीवर टेनिसची फायनल लागली, तर सामना संपल्याबरोबर चॅनल बदलू नका. बक्षीस समारंभ पाहा, आणि मुलांना जवळ बसवून पाहा. करंडक उचलणारा तर सगळ्यांनाच दिसतो. त्याच्या शेजारी छोटी तबकडी घेऊन उभा असलेला जो कोणी असेल, तो काय बोलतो ते मुलांना नीट ऐकू द्या.